घरी विमान बांधणाऱ्यांना भेटण्यासाठी नऊ दिवसांचा मोटारप्रवास : कोठे जावे, काय पाहावे?

नेपरविलकर (प्रश्न)

नमस्कार. शिकागोजवळच्या नेपरविल गावात माझे घर आहे आणि गेली तीन वर्षे मी गॅरेजमध्ये आरव्ही-१० या चार आसनी विमानाची बांधणी करत आहे. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो की, ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा येथील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी पत्रे, फासळ्या, स्पार (पंखाची मुख्य तुळई) असे भाग छिद्रे पाडून संचाच्या रूपाने घरी पाठवते. ते घासणे, जोडणे, रिव्हेट ठोकणे, इंजिन बसवणे आणि तारा ओढणे हे सारे बांधणाऱ्याने करायचे असते. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असेल, तर अमेरिकेचे नागरी विमान खाते, म्हणजे एफएए, अशा विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात परवानगी देते.

माझी अडचण अशी आहे. गेल्या ऑक्टोबरात मी रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या, डावी-उजवीकडे वळणाऱ्या पाट्याची, मागची कड रिव्हेट केली. काम संपल्यावर एका टोकाला डोळा लावून पाहिले तेव्हा कड सरळ राहिलेली नव्हती. मधल्या दोन फुटांत ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेली होती. काही रिव्हेट ड्रिलने काढले, त्यात चार छिद्रे मोठी झाली, आणि तेव्हापासून आज आठ महिने काम पूर्ण बंद आहे. चित्रफिती पुष्कळ पाहिल्या, परंतु हाताला किती जोर लावायचा हे चित्रफितीतून कळत नाही.

म्हणून जुलै महिन्यात पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी यांच्यासह मोटारीने निघून, इलिनॉय, इंडियाना, ओहायो आणि विस्कॉन्सिन या राज्यांतल्या घरी विमान बांधणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटावे आणि शेवटी विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर वर्षी भरणाऱ्या विमानांच्या मेळाव्याला पोहोचावे, असा बेत केला आहे. सहा जणांना पत्रे लिहिली, चौघांनी आनंदाने बोलावले. त्यांपैकी दोघांची विमाने उडत आहेत आणि दोघांची अजून गॅरेजमध्ये आहेत. नऊ दिवस पुरतील का, कोणाकडे अधिक वेळ द्यावा, परक्या माणसाच्या कार्यशाळेत गेल्यावर काय पाहावे आणि काय विचारावे, आणि कुटुंबाला बरोबर नेणे योग्य ठरेल का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


डेटनकर

तुमचा बेत उत्तम आहे, मात्र त्यात एक बदल सुचवतो. ज्यांची विमाने उडत आहेत त्यांच्याकडे एक-एक दुपार पुरेशी आहे. ज्यांची अर्धवट आहेत त्यांच्याकडे पूर्ण दिवस द्या. पूर्ण झालेल्या विमानावर रंग चढलेला असतो, आतले सांधे झाकलेले असतात, आणि बांधणाऱ्यालाही सात वर्षांपूर्वी कोणत्या रिव्हेटने त्रास दिला हे आठवत नाही. अर्धवट विमानात सगळे उघडे दिसते. फासळीच्या आतल्या बाजूला आरसा आणि विजेरी धरून पाहता येते, चुकलेला भाग कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि तो का चुकला हे त्या माणसाला ताजे ठाऊक असते. माझ्या स्वतःच्या आरव्ही-७ च्या काळात मला सर्वांत अधिक शिकवले ते एका शेजाऱ्याने बाद करून भिंतीवर टांगलेल्या एलेव्हेटरने (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या पाट्याने).

आता तुमच्या रडरविषयी. मागच्या कडेत दोन पत्र्यांच्या मधोमध पाचरीच्या आकाराची अॅल्युमिनियमची लांब पट्टी बसते, हे तुम्ही जाणताच. रिव्हेट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओळीने ठोकत गेले की पत्रा प्रत्येक ठोक्याला किंचित ताणला जातो, तो ताण पुढे पुढे साचत जातो आणि शेवटी कड कोठेतरी वळून त्याला वाट करून देते. त्यावर उपाय असा की, इंधनटाकीच्या सांध्यांना लावतात ते सीलंट पट्टीच्या दोन्ही अंगांना अगदी पातळ लावावे, सबंध कड एका सरळ आणि जाड अॅल्युमिनियमच्या अँगलला प्रत्येक छिद्रात क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) घालून जखडावी, आणि सीलंट पुरते कडक होईपर्यंत दोन-तीन दिवस तिला हात लावू नये. मग अँगल काढून आधी दर दहाव्या छिद्रात रिव्हेट घ्यावा, नंतर त्यांच्या मधल्या छिद्रांत, मग उरलेल्यांत; आणि पहिल्या फेरीत कोणताही रिव्हेट पूर्ण बसवू नये. अर्धे बसवून कड तपासावी, मग दुसऱ्या फेरीत पूर्ण करावे. ज्या दोघांची विमाने अर्धवट आहेत त्यांच्यापैकी कोणी या टप्प्याजवळ असेल तर आपली भेट त्या दिवशी ठेवण्याची विनंती करा. मोठ्या झालेल्या चार छिद्रांसाठी मात्र जोडतोड करत बसू नका, नवे पत्रे मागवा. रडर हा विमानाचा लहान भाग आहे आणि तो दुसऱ्यांदा बांधणाऱ्यांची संख्या पुष्कळ आहे.

नेपरविलहून ओहायोतले आमचे डेटन सुमारे ३०० मैल आहे. येथे आलात तर हफमन प्रेअरीला एक सकाळ द्या. राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात किटी हॉकला केलेले सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते, हे सर्वांना माहीत असते. पण त्यांचे विमान खऱ्या अर्थाने ताब्यात आले ते येथे, गुरे चरत असलेल्या या कुरणावर, १९०४ आणि १९०५ या दोन वर्षांत. विमान नाकावर आपटत होते, मोडत होते, ते पुन्हा बांधत होते. १९०५ मध्ये त्यांनी पुढचा एलेव्हेटर मोठा करून अधिक पुढे नेला, आणि त्या वर्षी ५ ऑक्टोबरला विलबर ३९ मिनिटे हवेत राहून सुमारे २४ मैल उडाले. ते विमान, राइट फ्लायर-३, डेटनच्याच कॅरिलन ऐतिहासिक उद्यानात ठेवलेले आहे, आणि त्याच्या पुनर्बांधणीवर ऑर्व्हिल यांनी स्वतः देखरेख केली होती. कुरणात आज पाहण्यासारखे फार काही उरलेले नाही, तरीही मी प्रत्येक पाहुण्याला तेथे नेतो, कारण घरी विमान बांधणाऱ्या माणसाला ती जागा आपली वाटते.


लाकूडकाम

मी विस्कॉन्सिनमध्ये लाकूड आणि कापडाचे विमान बांधत आहे, त्यामुळे पत्र्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही माझी आग्रहाची सूचना आहे की, ऑशकॉशच्या आधीच्या शनिवार-रविवारी ब्रॉडहेडला या. हे गाव तुमच्या घरापासून शंभरेक मैलांवर, ऑशकॉशच्या वाटेवर आहे. तेथील गवती धावपट्टीवर दर वर्षी पिटेनपोल विमानांचे संमेलन भरते. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या लहानशा गावातले बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे इंजिन बसवून दोन आसनी एअर कॅम्पर हे विमान तयार केले, आणि त्यांच्या आराखड्यांवरून आजही लोक विमाने बांधत आहेत. येथे कंपनीचा संच येत नाही. स्प्रूसच्या लाकडाच्या पट्ट्या आणून, साच्यात ठेवून, एकेक फासळी गोंदाने जोडायची असते. एकाच आराखड्याची दहा विमाने ओळीने उभी असतात आणि त्यांतल्या कोणत्याही दोन विमानांचे नियंत्रक दांडे सारखे नसतात. प्रत्येकाने आपापल्या अडचणीवर काढलेला तोडगा तेथे शेजारी शेजारी पाहायला मिळतो, आणि मालक शेजारीच घडीच्या खुर्चीवर बसलेला असल्यामुळे विचारण्याचीही सोय होते.

तुमच्या मुलीला कापडाचे काम अवश्य दाखवा. पॉलिएस्टरचे कापड सांगाड्यावर चिकटवतात, मग इस्त्रीने तापवून आकसवतात, शेवटच्या फेरीत इस्त्री ३५० अंश फॅरनहाइटवर ठेवतात, आणि कापड ढोलाच्या पानासारखे ताणले की लांब सुईने प्रत्येक फासळीला शिवतात. माझ्या आजीला गोधडी शिवताना मी लहानपणी पाहिले होते. पंख शिवताना सुई वरून खाली आणि खालून वर देणारे दोघे समोरासमोर बसले की मला त्याची आठवण येते. फरक एवढाच की, येथे प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ असते, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचा सुटत नाही.

या कामात मनाप्रमाणे बदल करू नयेत, हे मी ऑशकॉशच्याच इतिहासातून शिकलो. तेथील विमानतळाला स्टीव्ह विटमन यांचे नाव आहे. शर्यतींची विमाने बांधणारे हे थोर गृहस्थ होते. लवचिक पोलादी पट्टीचे चाकांचे पाय त्यांनी शोधले, आणि पुढे सेस्ना कंपनीने ते आपल्या विमानांवर वापरले. १९९५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, पत्नीसह स्वतः बांधलेल्या विमानातून जात असताना अलाबामात त्यांचे विमान हवेतच मोडले आणि दोघांचाही अंत झाला. पंखावरचे कापड खालच्या लाकडापासून सुटल्यामुळे पंखात जोराची थरथर सुरू झाली, असे तपासात निष्पन्न झाले. एका पद्धतीचे डोप (कापडावर चढवायचे लुकण) आणि दुसऱ्या पद्धतीचे रसायन एकत्र वापरले की काय होऊ शकते, हे मी त्या अहवालातून समजून घेतले आणि माझ्या कार्यशाळेत एकाच पद्धतीची पुस्तिका ठेवली आहे. कोणाच्याही गॅरेजमध्ये एखादी नवी युक्ती आवडली तर ती वहीत लिहून घ्या, परंतु मूळ आराखडा देणाऱ्याला विचारल्याशिवाय ती आपल्या विमानावर उतरवू नका, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे.


मिशिगनची वाचक

कुटुंबाला बरोबर नेणे योग्य ठरेल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण आमच्या घरी हे काम आम्ही दोघे मिळून करतो. वहिनींना आणि मुलीला अवश्य न्या. मात्र त्यांना दिवाणखान्यात बसवून तुम्ही एकटे गॅरेजमध्ये जाऊ नका. पत्र्याचे विमान एकट्याने बांधणे फार कठीण आहे. एका बाजूने रिव्हेट गन धरायला एक माणूस लागतो आणि दुसऱ्या बाजूने पोलादाचा जड बकिंग बार दाबून धरायला दुसरा. तुमचे रडर बिघडले त्या दिवशी तुम्ही एकटेच काम करत होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण माझा तसा तर्क आहे.

आमच्याकडे बार माझ्या हातात असतो. रिव्हेटचे डोके बाहेरून कसे दिसते हे गनवाल्याला कळते, पण आतल्या बाजूला ते कसे बसले हे फक्त बारवाल्याला दिसते. म्हणून ‘पुन्हा’ किंवा ‘पुरे’ हे मी सांगायचे आणि ह्यांनी ते मुकाट्याने ऐकायचे, असा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला. आत तयार होणाऱ्या डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी लागते. हे मापायचे लहान गेज मिळते, तरी शंभरेक रिव्हेट झाल्यावर बोटालाच ते कळू लागते. वहिनींना एखाद्या यजमानाकडे फुकट जाणाऱ्या पत्र्यावर वीस-पंचवीस रिव्हेट बार धरून करू द्या. त्यांना त्यात रस वाटला तर तुमचे निम्मे काम मार्गी लागेल, आणि नाही वाटला तरी तुम्ही आठ महिने कशात अडकला आहात, हे त्यांना शब्दांवाचून कळेल.

भेटवस्तूविषयी कोणी लिहिले नाही. क्रमांक ४० च्या नव्या ड्रिल बिट न्या. त्या सतत बोथट होतात आणि कोणाकडेही कधी पुरेशा नसतात. सोबत घरचे लाडू न्यायला हरकत नाही, फक्त प्राइमर हाताळलेले हात आधी साबणाने धुवायला लावा.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. उडणाऱ्या विमानाचे यजमान तुम्हाला चक्कर मारायला नेऊ म्हणतील. ‘हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठी असलेले सुरक्षा नियम ते पूर्ण करत नाही’ अशा अर्थाची पाटी विमानात प्रवाशाला दिसेल अशी लावलेली असते. ती मुलीला वाचून दाखवा आणि तिचा अर्थ सांगा. विमान पहिल्या चाचणी उड्डाणांच्या टप्प्यात, म्हणजे साधारणतः पहिल्या २५ किंवा ४० तासांत असेल, तर त्यात प्रवासी नेता येत नाही. यजमानाने आग्रह केला तरी नम्रपणे नाही म्हणा. वैमानिकाला इंधन, हवामान आणि विमानाच्या शेवटच्या वार्षिक तपासणीविषयी विचारण्यात काहीही अपमान नाही. चांगला बांधणारा अशा प्रश्नांनी खूष होतो आणि आपण होऊन नोंदवही उघडून दाखवतो.


कांदिवलीचा वाचक

मी अजून विमान बांधत नाही, तरीही या चर्चेत लिहितो आहे, कारण मला हा विषय कळला तो आमच्या कांदिवलीमुळेच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले होते. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि गर्दीत उभा राहून त्या विमानाचे रिव्हेट पाहत होतो. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी झाली. गच्चीवर, मुंबईच्या पावसात, जवळपास विचारायला दुसरा बांधणारा नसताना एवढे काम करणे म्हणजे काय, हे तुम्हा सर्वांचे लेखन वाचल्यावर मला अधिक नीट समजले.

तुम्हाला तीनशे मैलांत चार घरे सापडली. येथे मला चौदाशे मैलांत किती सापडतील याची खात्री नाही. म्हणून एक विनंती करतो. प्रत्येक कार्यशाळेत यजमानाची परवानगी घेऊन गॅरेजचा आकार, टेबलाची उंची, कॉम्प्रेसरची क्षमता, रिव्हेट गनचा हवेचा दाब, अशा बारीक गोष्टी लिहून आणा. विमानाचे सुंदर छायाचित्र सर्वत्र मिळते. टेबल किती उंच असावे हे मात्र कोणी लिहीत नाही.


नेपरविलकर (प्रवासानंतर)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही परवा रात्री घरी पोहोचलो. नऊ दिवसांचे अकरा दिवस झाले, कारण ओहायोतल्या यजमानांनी सोडले नाही.

मिशिगनच्या ताई, तुमचा तर्क बरोबर होता. त्या रात्री मी एकटाच होतो, उशीर झाला होता, आणि एका हातात गन आणि दुसऱ्या हातात बार धरून मी ओळीने ठोकत सुटलो होतो. ओहायोच्या यजमानांचे रडर नेमके त्या टप्प्यावर नव्हते, पण त्यांनी शिल्लक पत्र्याचे दोन तुकडे आणि पाचरीच्या पट्टीचा फूटभर तुकडा काढून दिला. पहिल्या तुकड्यावर मी माझ्या जुन्या पद्धतीने काम केले आणि तीच वळणे पुन्हा आली. दुसऱ्या तुकड्यावर डेटनकरांनी लिहिलेल्या क्रमाने, दोन फेऱ्यांत काम केले. बार पत्नीच्या हातात होता. सतराव्या रिव्हेटला तिने ‘पुरे’ म्हटले तेव्हा मला तो अपुरा वाटत होता. गेज लावले तर तिचे बरोबर निघाले. मी आठ महिने पत्र्यात शोधत असलेली चूक माझ्या मनगटात होती. मी गन काटकोनात धरत नव्हतो, ती किंचित खाली झुकत होती, आणि हे समोर उभ्या असलेल्या माणसालाच दिसू शकते.

हफमन प्रेअरीला आम्ही सकाळी सातला गेलो. गवत ओले होते आणि आमच्याशिवाय कोणी नव्हते. ब्रॉडहेडला मुलगी सबंध दुपार एका आजोबांसमोर बसून पंख शिवत होती. तिने केलेले नऊ टाके त्यांनी तपासले, दोन उसवले आणि सात ठेवले. त्या सात टाक्यांवर आता रंग चढेल आणि ते विमान उडेल, याचा तिला जो आनंद झाला आहे तो मला शब्दांत मांडता येत नाही. ऑशकॉश भव्य आहे. त्या आठवड्यात तेथे दहा हजारांहून अधिक विमाने उतरतात, आणि पत्रा, लाकूड, कापड, वेल्डिंग अशा प्रत्येक कामाचे तंबू असून तेथे बसून काम शिकता येते. तरीही मी अधिक वेळ घरगुती विमानांच्या रांगांमध्ये फिरून, प्रत्येक रडरच्या कडेला डोळा लावून पाहण्यात घालवला. कितीतरी मालकांनी न विचारता आपण होऊन सांगितले की, त्यांचे हे दुसरे रडर आहे.

ऑशकॉशचा मेळावा भरवणाऱ्या ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार घरी येऊन, कोणतेही शुल्क न घेता, काम तपासतात, हे मला ठाऊक असूनही मी संकोचाने कधी बोलावले नव्हते. ऑशकॉशला आमच्याच भागातले एक सल्लागार भेटले. ते पुढच्या रविवारी येणार आहेत.

कांदिवलीच्या मित्रासाठी मापांची वही तयार आहे. चार कार्यशाळांपैकी तिघांची टेबले ३६ इंच उंच होती, चौथ्याचे ३९ इंच होते, आणि तो यजमान सहा फूट चार इंचांचा होता. टेबल आपल्या कोपराच्या उंचीवरून ठरवा, असे चौघांचेही मत पडले. बाकीच्या नोंदी सवडीने येथेच लिहीन.

नवे पत्रे मागवले आहेत. ते येईपर्यंत जुन्या रडरमधून उरलेले रिव्हेट काढून पत्नी आणि मी त्याच पत्र्यांवर सराव करत आहोत, आणि ते झाले की जुने रडर भिंतीवर टांगणार आहोत.